राजाज्ञा आणि प्रभूची आज्ञा

कुंडल हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते. परंतु स्वातंत्र्यापूर्वी ते औंध संस्थानात होते, आणि आसपासची बरीचशी गावे मात्र इंग्रजी अमलाखालील सातारा जिल्ह्यात होती. गावाजवळच्या डोंगरावर जैनांचे पार्श्वनाथाचे तीर्थ आहे, आणि पलीकडच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना आणून वसवला, एवढी माहिती आपल्या सुशिक्षित घरांतून बहुधा असतेच. त्याहून अधिक ठाऊक आहे ती १९४२ नंतरची हकिकत. संस्थानचे राजे एक, इंग्रजांचे सरकार दुसरे, आणि नाना पाटलांचे प्रतिसरकार तिसरे, अशा तीन सत्तांच्या छायेत त्या टापूतील शेतकऱ्याने तीन-चार वर्षे काढली. जी. डी. लाड यांच्यासारखी या गावची तरुण मुले तुफान सेनेत होती. १९४३ च्या ७ जून रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून लुटली गेली, तीत त्यांचा हात होता. गावोगाव तंटे तोडण्यास लोकन्यायालये बसत, आणि थोडक्या खर्चात गांधीविवाह लागत. कोणाचा हुकूम मानावयाचा, हा प्रश्न कुंडलात पुस्तकी राहिलाच नव्हता.

परंतु त्या तरुणांपुढे एक दुसराही प्रश्न होता, आणि तो टाकला होता खुद्द गांधीजींनी. १९४४ च्या मे महिन्यात सुटका झाल्यावर गांधीजी प्रकृतीसाठी पाचगणीस, म्हणजे सातारा जिल्ह्यातच, येऊन राहिले. तेथून जुलैअखेर त्यांनी भूमिगतांना सल्ला दिला की, लपून राहणे सोडा आणि उघडपणे सरकारच्या स्वाधीन व्हा. गुप्तता ही सत्याग्रहास न शोभणारी गोष्ट आहे. काहींनी तो मानला. नाना पाटील आणि कुंडलच्या बाजूचे बहुतेक कार्यकर्ते यांनी तो मानला नाही. अन्यायी हुकूम मोडावयाचा हे दोघांनाही मान्य होते. भेद होता तो एवढाच की, मोडणाराने उजेडात उभे राहावे की अंधारात.

गांधीजींच्या या आग्रहाची मुळे शोधू लागले म्हणजे गीतेबरोबरच येशू ख्रिस्ताचे डोंगरावरील प्रवचन आणि ते जगण्याचा आग्रह धरणारे टॉलस्टॉयचे लेखन यांच्यापाशीही जाऊन पोहोचावे लागते. म्हणून आज मी श्रोत्यांना कुंडलहून मुंबईस, आणि १९४४ सालाहून १८१३ सालात नेणार आहे. ईश्वराची आज्ञा आणि सरकारची आज्ञा यांत विरोध आला असता ख्रिस्ती मनुष्याने काय करावे, हा वाद महाराष्ट्राच्या भूमीवर त्या साली मोठ्या स्पष्टपणे लढला गेला. आणि उजेड की अंधार, हा कुंडलचा प्रश्नही त्यात जसाच्या तसा आढळतो.

प्रथम ख्रिस्ती शास्त्राची बाजू थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण ती दुहेरी आहे. येशूच्या नावाने उपदेश करू नका, असा हुकूम यरुशलेमच्या धर्मसभेने प्रेषितांना दिला, तेव्हा पेत्र आणि त्याचे सोबती यांनी उत्तर दिले की, मनुष्यांच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा पाळणे आम्हांस प्राप्त आहे. ही कथा ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. उलट पौलाने रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, राज्याधिकारी हे देवानेच नेमलेले असल्यामुळे त्यांच्या अधीन राहावे, असे बजावले आहे. पुढच्या सर्व शतकांत राजांनी पौलाचा आधार घेतला आणि राजांशी भांडणाऱ्यांनी पेत्राचा. मौज अशी की, स्वतः पौलास दमास्क शहरात पकडण्यास माणसे टपली होती, तेव्हा तो रात्री टोपलीत बसून तटावरून खाली उतरून निसटला होता.

आता मुंबईचे प्रकरण. ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य ख्रिस्ती लोकांचे असले तरी तिच्या मुलखात ख्रिस्ती धर्मोपदेशकांना मोकळीक नव्हती. कंपनीच्या परवान्याशिवाय कोणाही युरोपियनास येथे राहता येत नसे, आणि पाद्र्यांना परवाना देण्यास कंपनी नाखूश असे. १८०६ साली वेलोरच्या शिपायांनी बंड केले, त्याचे एक कारण धर्मात ढवळाढवळ होण्याची भीती हे होते; तेव्हापासून तर कलकत्त्याचे अधिकारी पाद्री म्हटला की दचकू लागले. विल्यम केरी आणि त्याचे सोबती श्रीरामपुरास राहून काम करू शकले, याचे कारण ते गाव डेन्मार्कच्या राजाचे होते. ज्या मराठीचे छापील व्याकरण केरीने १८०५ साली काढले, ती मराठी जेथे बोलली जाते तेथे त्याच्यासारख्या मनुष्यास पाऊल टाकण्याची मात्र पंचाईत होती.

अशा दिवसांत, १८१२ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांना धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली. अदोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, ल्यूथर राइस, सॅम्युएल नॉट आणि गॉर्डन हॉल ही त्यांची नावे. दोन जहाजांतून ते त्याच वर्षी कलकत्त्यास आले, आणि येऊन पाहतात तो गव्हर्नर-जनरल लॉर्ड मिंटो यांच्या सरकारचा हुकूम तयार : चालते व्हा. त्याच सुमारास इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाले, त्यामुळे हे पाद्री तर होतेच, वर शत्रुराष्ट्राचे प्रजाजनही ठरले. न्यूएल मॉरिशसला गेला. तेथे त्याची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट मरण पावली. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. हॉल आणि नॉट यांना विलायतेस रवाना करण्याचे ठरत होते. पण ते मुंबईकडे जाणारे जहाज गाठून निघाले आणि १८१३ च्या ११ फेब्रुवारीस मुंबई बंदरात उतरले.

मुंबईचे गव्हर्नर त्या वेळी सर इव्हान नेपियन हे होते. हा गृहस्थ पुष्कळ वर्षे विलायतेतील आरमारखात्याचा चिटणीस होता, आणि मनाने श्रद्धाळू व बायबलच्या प्रसाराचा पुरस्कर्ता होता. कलकत्त्याहून या दोघांना इंग्लंडास पाठवून द्या असे फर्मान आलेले असतानाही त्याने त्यांना सौम्यपणे वागवले, त्यांच्या वतीने कलकत्त्यास लिहिले आणि उत्तर येईपर्यंत राहू दिले. ते महिने हॉल आणि नॉट यांनी कशात घालवले म्हणाल, तर मराठी शिकण्यात. ज्या देशातून उद्या हाकलून देणार त्याच देशाची भाषा घोकत बसावयाचे, हे मला त्यांच्या साऱ्या युक्तिवादांपेक्षा अधिक बोलके वाटते.

परंतु कलकत्त्याचा आग्रह सुटेना. इंग्लंडास जाण्याचा दिवस जवळ येऊ लागला, तेव्हा त्या दोघांनी एक गोष्ट केली, जिच्याविषयी त्यांच्या चरित्रकारांची लेखणी थोडी अडखळते. ते गुपचूप एका किनाऱ्याच्या तारवात चढून दक्षिणेकडे पळाले. त्यांचा बेत सिंहलद्वीपास जाण्याचा होता. तेथे कंपनीचा नव्हे तर थेट इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. कोचीनपर्यंत ते पोहोचले आणि तेथे पकडले गेले. त्यांना परत मुंबईस आणण्यात आले, आणि नेपियन साहेब साहजिकच दुखावला. ज्यांच्यासाठी आपण वरिष्ठांपाशी शब्द टाकला त्यांनी आपल्यालाच तोंडघशी पाडले, असे त्याला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. पाद्र्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. पौलाची टोपली आहे. आणि एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, असा येशूचा शिष्यांना उपदेशही आहे. पण टोपलीतून उतरणाऱ्या पौलाने दमास्कच्या अधिकाऱ्याचे मीठ खाल्ले नव्हते. माझ्या मते कोचीनचा प्रवास ही त्या दोघांची दुबळी बाजू. त्याने त्यांचा प्रश्न सुटला तर नाहीच, उलट सरकारच्या हाती एक सबळ तक्रार दिली.

डिसेंबर १८१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर त्यांची जागा ठरली. आता पळावयास वाट नव्हती. तेव्हा त्यांनी गव्हर्नरास एक पत्र लिहिले. ते पुढे अमेरिकेत छापले गेले आणि घरोघर वाचले गेले. बहुतेक अर्जदार सरकारच्या न्यायबुद्धीस किंवा दयेस आवाहन करतात. या पत्रात दोन्ही थोडी थोडी आहेत : लवकरच विलायतेहून अनुकूल हुकूम येण्याचा संभव आहे, इतका खर्च आणि इतकी आशा वाया घालवू नये, वगैरे. पण पत्राचा जोर तेथे नाही. मुलकी सत्तेचा हा वापर आपल्या तारणाऱ्याच्या आज्ञांशी जुळतो की नाही, हे महाराजांनी स्वतःच ताडून पाहावे, असे ते म्हणतात. सर्व राष्ट्रांस शिकवा, ही आज्ञा ज्याने दिली त्याच्यावरच महाराजांचीही तारणाची भिस्त आहे. आणि अखेरच्या न्यायाच्या दिवशी आपल्या ताब्यातील या प्रजेची गाठ महाराजांस ईश्वराच्या सिंहासनापुढे पडावयाची आहे, याची ते आठवण देतात.

येथे प्रश्न कसा उलटला तो पाहा. आतापर्यंत पेच हॉल आणि नॉट यांचा होता : सरकार नको म्हणते, देव हो म्हणतो, आम्ही काय करावे? पत्र वाचून खाली ठेवताच तो पेच नेपियनचा झाला. कलकत्त्याचा हुकूम तोही पाळत होता. पेत्राचे उत्तर त्याच्याही धर्मग्रंथात होते. दोन परदेशी पाद्री आज्ञा मोडतील की नाही, हा मुद्दा मागे पडला; ख्रिस्ती गव्हर्नर कोणाची आज्ञा पाळतो, हा मुद्दा पुढे आला. कोचीनकडे पळणाऱ्या माणसांना असले पत्र लिहिता आले नसते. परत आणलेल्या आणि आता येथेच उभे राहणाऱ्या माणसांना ते लिहिता आले.

गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल यांनी त्यांची रवानगी थांबवली. पुढे १८१४ साली कंपनीच्या डायरेक्टरांकडून त्यांना राहू देण्याची मुभा आली. ती मिळवून देण्यात डायरेक्टर चार्ल्स ग्रँट याची खटपट मोठी होती. दरम्यान पार्लमेंटाने १८१३ च्या सनदेत धर्मोपदेशकांसाठी दार थोडे उघडले होतेच, आणि कलकत्त्यास मिंटोच्या जागी मॉयरा आला होता. तेव्हा पत्राने सारे जिंकले असे म्हणणे धाडसाचे होईल. पत्राने काही महिने मिळवले, आणि त्या काही महिन्यांत कायदा बदलला.

नॉट प्रकृतीमुळे १८१५ साली अमेरिकेस परतला. न्यूएल येऊन मिळाला होता, तो १८२१ साली पटकीने गेला. हॉल राहिला. १८१७ च्या मार्चमध्ये मिशनच्या छापखान्यातून आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका निघाली. त्याच छापखान्याच्या खिळ्यांवर पुढे जावजी दादाजींचा हात बसला, आणि त्यांनी निर्णयसागर काढला. मुलींची शाळा १८२४ साली निघाली. मिस सिंथिया फॅरार १८२७ साली आली, आणि अहमदनगरच्या तिच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढण्याची स्फूर्ती मिळाली. गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडे गेला, तेव्हा तेथे पटकीची साथ होती. आपल्याजवळचे बहुतेक औषध त्याने रोग्यांना वाटले. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकी झाली, आणि २० मार्च रोजी एका देवळाच्या ओसरीवर तो मरण पावला. वय एकेचाळीस. मराठी नवा करार त्याच वर्षी पुरा छापून झाला.

आपण ही हकिकत अशी सांगतो खरी, पण जिच्या भल्यासाठी हे सारे चालले असे पत्रात म्हटले होते, त्या प्रजेचे मत कोणी विचारले नव्हते. तिच्या घरात हाच पेच निराळ्या रूपाने शिरला. १८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी डॉक्टर विल्सन यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईचे सुप्रीम कोर्ट गजबजून गेले. धनजीभाई सतरा वर्षांचा असल्याने त्याला वाटेल तिकडे जाण्याची मोकळीक मिळाली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत पाद्री नेस्बिट यांच्याकडे राहिला होता. त्या बारा वर्षांच्या मुलास मात्र कोर्टाने बापाच्या हवाली केले. पुढे त्यास जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी केवढा वाद अंगावर घेतला, हे आपण जाणतोच. देवाची आज्ञा बारा वर्षांच्या मुलाला कळते की नाही, हे कोणत्या न्यायाधीशाने ठरवावे? आणि ती कळते असे पाद्र्याने परस्पर ठरवावे, हेही आईबापांनी का सोसावे? हॉलच्या पत्रातील अखेरच्या न्यायाच्या दिवसाला या घरगुती प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते.

हॉलचेच शस्त्र पुढे एका मराठी बाईने उचलले. १८९७ साली पुण्यास प्लेग आला. पंडिता रमाबाईंनी त्या काळी दुष्काळातून मुली आणल्या होत्या, आणि प्लेगखात्याच्या जाचामुळे त्यांना पुण्याबाहेर केडगावास हलवावे लागले. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. लिहिणारी ख्रिस्ती, पत्र ख्रिस्ती, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ख्रिस्ती. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीचा देखावा पुन्हा जुळून आला, असे वाटावे. पण या खेपेस सरकारने आरोप खोटा ठरवला. पार्लमेंटातही त्याची वाच्यता झाली. आणि विलायतेत प्लेगच्या जुलमाविषयी बोललेल्या गोखल्यांना परत आल्यावर माफी मागावी लागली. रमाबाईंनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. ही बाई त्यापूर्वी इंग्लंडातही, बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षे होतात न होतात तो, आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणा बिशपाच्या स्वाधीन करण्यास नकार देऊन बसली होती. तेव्हा मुंबईच्या सेक्रेटरिएटला ती भीक घालील हे संभवनीयच नव्हते.

आणि ज्या मिशनांचा पायाच एका मोडलेल्या हुकुमावर उभा होता, त्यांचे काय झाले? पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थान सरकारने ब्रिटिश नसलेल्या परदेशी मिशनांकडून राजनिष्ठेची हमी मागण्यास आरंभ केला, आणि मिशनांनी ती दिली. शाळा होत्या, इस्पितळे होती, हजारो माणसे अवलंबून होती. हॉलपाशी गमावण्यासारखे एका जहाजाच्या जागेखेरीज काही नव्हते. मी त्यांना फार दोष देऊ शकत नाही. पण १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा या मांडणीत एक फट पडली, आणि ती पुण्यातच पडली. तेथील ख्रिस्त सेवा संघात व्हेरिअर एल्विन नावाचा ऑक्सफर्डचा तरुण पाद्री होता. ख्रिस्ताची शिकवण आणि सत्याग्रह यांचा मेळ बसतो, असे तो उघड बोलू व लिहू लागला. १९३२ च्या ४ जानेवारीस पहाटे मणिभवनाच्या गच्चीवरून गांधीजींना पकडून नेले, तेव्हा एल्विन आणि त्याचा मराठी ख्रिस्ती सोबती शामराव हिवाळे हे दोघे तेथे हजर होते. त्याच साली एल्विन विलायतेस गेला. परत येऊ द्यावे म्हणून, आपण राजकारणात पडणार नाही असे त्यालाही सरकारला लिहून द्यावे लागले. मंडल्याच्या गोंडांमध्ये त्याचे काम वाट पाहत होते, आणि परत यावयाचे असेल तर दुसरा मार्ग नव्हता. पुढे १९३५ मध्ये तो चर्चमधूनच बाहेर पडला.

आता पुन्हा कुंडलच्या तरुणांकडे पाहू या. पाचगणीहून आलेला सल्ला त्यांनी मानला नाही, म्हणून त्यांना सत्याग्रह कळला नाही असे म्हणणे मला सोपे वाटते, आणि म्हणूनच संशयास्पद वाटते. हॉलच्या पत्रास धार आली होती, कारण वाचणारा आणि लिहिणारा एकाच ग्रंथापुढे मान लववत होते. आणि तरीही त्याच धर्माच्या सरकारपुढे रमाबाईंचे पत्र निकामी ठरले. कुंडलच्या रानात शोध घेत फिरणाऱ्या फौजदारास आणि या तरुणांना असा कोणता समान ग्रंथ होता? औंध संस्थानात पंतप्रतिनिधींनी १९३९ साली प्रजेस सत्ता दिली होती, त्यामुळे संस्थानच्या हद्दीत थोडा आडोसा मिळे. हद्द ओलांडली की तोही नसे. उजेडात उभे राहणे म्हणजे येरवड्यास जाणे, आणि मागे राहिलेल्या गावात पुन्हा पाटील-फौजदारांचे राज्य चालू देणे, असा त्यांचा हिशेब होता. अंधाराची किंमतही त्या गावांनी भरली. प्रतिसरकारचे नाव सांगून लुटणारे दरोडेखोर निघाले. त्यांचा बंदोबस्त करताना ज्या शिक्षा दिल्या गेल्या, त्यांच्यावर उजेडातील न्यायालयाची देखरेख नव्हती. आणि ‘पत्री सरकार’ हे जे नाव लोकांच्या तोंडी बसले ते त्यांपैकीच एका शिक्षेवरून, असे सांगतात.

१९४६ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि भूमिगतांवरील वॉरंटे उठली. १८१३ च्या डिसेंबरात जसे सनदेने, तसेच या खेपेस निवडणुकीने काम केले. नाना पाटील त्यानंतर कऱ्हाडास उघडपणे लोकांपुढे आले. ते जवळजवळ चार वर्षे घराबाहेर होते.